सोन्याची निब, पोलादाची निब : स्वस्त आणि चांगल्या फाउंटन पेनाचा इतिहास

हस्तलिखितांचा अभ्यास करताना आपण कागद पाहतो, शाईचा रंग पाहतो, अक्षराचे वळण पाहतो आणि खाडाखोड तर भिंग घेऊन पाहतो. ज्या लेखणीने हे सारे उमटले तिला किती पैसे पडले असतील, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासात सहसा उपस्थित होत नाही. बोरूच्या बाबतीत तो उपस्थित होण्याचे कारणही नव्हते. नळाची कांडी ज्याने त्याने तासावी, झिजली की पुन्हा तासावी. टाकाचेही फारसे निराळे नाही. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी पोलादी निबा यंत्रावर काढायला सुरुवात केली आणि निब ही मूठभर आणून ठेवायची, गंजली की फेकून द्यायची वस्तू झाली. फाउंटन पेन मात्र एकच घ्यायचे, वर्षानुवर्षे जपायचे आणि हरवले तर हळहळायचे, अशा थाटात आले. लेखनसाधनाची किंमत लिहिणाऱ्याला जाणवू लागली ती तेव्हापासून. आणि थोड्या पैशांत चांगले पेन कसे मिळेल, हा शोधही तेव्हापासूनचाच.

हा इतिहास चाळताना आम्हांला एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. महाग पेनाची किंमत उतरली म्हणून सामान्य माणसाच्या हाती उत्तम पेन आले, असे क्वचितच घडले आहे. किमतीतला कोणता भाग हाताला लागतो आणि कोणता नुसता डोळ्याला दिसतो, हे कुणीतरी वेगळे काढून दाखवले, तेव्हाच परवडणारे चांगले पेन निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या वेगळे काढण्याच्या काही टप्प्यांकडे पाहायचे आहे.

आधी हाताला लागणारे काय, ते पाहू. पेनाच्या नळीतून शाई खाली यायची तर तिच्या जागी हवा वर जायला हवी. ही देवाणघेवाण बिघडली की पेन एक तर कोरडे पडते, नाही तर कागदावर डाग पाडते. निबेखाली जो काळा तुकडा असतो आणि ज्याला आपल्याकडे जीभ म्हणतात, तो ही देवाणघेवाण सांभाळतो. न्यूयॉर्कच्या ल्युइस एडसन वॉटरमनने १२ फेब्रुवारी १८८४ रोजी ज्याचे पेटंट मिळवले, ते नेमके या जिभेवरच्या बारीक चिरांचे. एका विमा दलालाच्या करारपत्रावर शाई सांडली, करार प्रतिस्पर्ध्याने पळवला आणि त्या संतापातून शोध लागला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते; परंतु तिला समकालीन पुरावा नाही आणि ती वॉटरमनच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९०१ नंतर, प्रसिद्धीच्या मजकुरातून पसरलेली दिसते. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना असल्या जन्मकथांचे नवल वाटू नये.

जिभेनंतर निब. निब सोन्याची का असे, याचे उत्तर वैभवात नसून रसायनात आहे. युरोपात शतकानुशतके मायफळ आणि हिराकस यांची शाई वापरली जाई. ती आम्लधर्मी असल्यामुळे साधे पोलाद खाऊन टाकी. टाकाची निब फेकून देता येत होती म्हणून तिथे हे चालून गेले; पण पेनात निब दिवसरात्र शाईत भिजलेली असते. सोने या शाईला दाद देत नाही, म्हणून सोने. परंतु सोने मऊ. कागदावर घासून ते थोड्याच दिवसांत झिजले असते. म्हणून निबेच्या टोकावर ऑस्मियम-इरिडियमसारख्या अतिकठीण धातूचा मोहरीहून लहान कण जोडावा लागतो. ही युक्ती जॉन आयझॅक हॉकिन्स याने १८३४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रथम साधली. सांगायचा मुद्दा असा, की सोन्याच्या निबेने लिहिणारा माणूस कागदाला सोने कधीच टेकवत नाही. कागदाला टेकतो तो कण. तो नीट घासलेला असेल तर पेन गुळगुळीत चालते, नसेल तर मागे कितीही सोने असले तरी खरखरते.

विसाव्या शतकाच्या आरंभी वॉटरमनचे साधे पेन अडीच डॉलरला मिळे. किंमत उडी मारून वर गेली ती पहिल्या महायुद्धानंतर. शेफरने १९२० साली 'लाइफटाइम' पेन पावणेनऊ डॉलरला बाजारात आणले. पार्करने १९२१ मध्ये नारिंगी-लाल रंगाचे भले दांडगे 'ड्युओफोल्ड' सात डॉलरला आणले. तोवर पेने बहुधा काळी असत. रंग हा लिहिण्याचा गुण नव्हे, तरी तो विकला जाऊ शकतो, हे यानंतर सगळ्यांना कळले. शेफरने तर पेनाबरोबर हमी विकली. आजन्म हमी दिलेल्या निबा जाड सोन्याच्या आणि म्हणून काहीशा ताठ असत. टिकण्यासाठी लवचीकपणा सोडावा लागला. या काळातील हस्ताक्षरांतून जाड-बारीक रेषेचा चढउतार ओसरत गेलेला दिसतो. त्याची इतर कारणे आहेतच. परंतु हमीपत्राचाही त्यात वाटा असावा, असे आम्हांला वाटते. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या 'आजन्म' शब्दालाच हरकत घेतली, कारण दुरुस्तीला पेन पाठवले की दर वेळी पस्तीस सेंट मोजावे लागत. फुकट म्हणून दिलेली गोष्ट किमतीत आधीच धरलेली होती.

आता दुसऱ्या बाजूला पाहू. न्यू जर्सीतील कॅम्डेन गावी एस्टरब्रुक ही कंपनी १८५८ पासून टाकाच्या पोलादी निबा बनवत होती. १९३० च्या दशकात तिने सुमारे एका डॉलरला मिळणारे फाउंटन पेन काढले. निब पोलादाची आणि आट्यांची. जिभेसकट फिरवून काढावी आणि दुसरी बसवावी. बारीक लिहिणाऱ्याला बारीक, हिशेबनिसाला ताठ, लघुलेखन करणाऱ्याला वेगळी, अशा कितीतरी निबा सुट्या मिळत. यातही दोन प्रती होत्या. साध्या निबेचे टोक त्याच पोलादाचे दुमडून केलेले असे, तर ९००० क्रमांकाच्या मालिकेतील निबांना खरा कठीण कण जोडलेला असे. म्हणजे ज्याला पैसे जपून वापरायचे होते त्याने दांड्यावर न घालवता टोकावर घालावेत, अशी सोय कंपनीनेच करून ठेवली होती. पेनाच्या किमतीचे इतके प्रामाणिक विच्छेदन नंतर फारसे कुणी केले नाही. जुनी पेने जमवणाऱ्यांमध्ये आजही, थोडक्या पैशांत चांगले जुने पेन हवे असेल तर एस्टरब्रुक शोधावे, असे सांगितले जाते ते उगीच नव्हे.

पोलादाची निब हलकी, हा समज मोडायला मात्र युद्ध लागले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आणि जपानमध्ये पेनांसाठी सोने वापरण्यावर सरकारी बंधने आली. पेलिकानसारख्या कंपन्यांनी क्रोम-निकेलयुक्त, न गंजणाऱ्या पोलादाच्या निबा बनवल्या. दरम्यान शायाही बदलत होत्या. मायफळाच्या शाईची जागा रंगद्रव्यांच्या सौम्य शायांनी घेतली होती. सोने वापरण्याचे मूळ कारणच अशा रीतीने संपले. सोने उरले ते सवयीने आणि मानाने.

इथे आपल्याकडचा एक गमतीदार योगायोग नोंदवावासा वाटतो. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी केली, तेव्हा देशभरचे सोनार हवालदिल झाले आणि घरोघरी चौदा कॅरटची हेटाळणी झाली. पण ज्या परदेशी पेनाच्या 'सोन्याच्या निबे'चे आपल्याला इतके अप्रूप होते, तिच्यावर कोरलेला आकडा बहुतेक वेळा चौदाच असे.

पार्कर कंपनीचे '५१' हे पेन १९४१ साली अमेरिकेत विक्रीला आले. कंपनीच्या एकावन्नाव्या वर्षी, १९३९ मध्ये, ते सिद्ध झाले म्हणून हे नाव. निब जवळजवळ संपूर्ण झाकलेली, नळीच्या आकाराची. झटपट वाळणारी शाई. किंमत साडेबारा डॉलरपासून पुढे. मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीनंतर आयझेनहॉवरने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात धरून दाखवली ती पेने याच जातीची. आमच्या मते हे पेन खरोखरच त्याच्या किमतीला उतरणारे होते. त्यात दिखाव्याचा अंश कमी आणि अभियांत्रिकीचा अधिक होता. परंतु त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात रेनॉल्ड्स नावाच्या उद्योजकाचे बॉलपेन विक्रीला आले आणि पहिल्याच दिवशी हजारोंनी खपले. त्याची किंमतही साडेबारा डॉलरच होती. ते गळत असे, ही गोष्ट वेगळी. काही वर्षांत बॉलपेनांचे भाव डॉलरच्या खाली घसरले, १९५० मध्ये फ्रान्समध्ये बिकचे साधे पेन आले आणि रोजच्या लिहिण्याचे काम फाउंटन पेनाकडून कायमचे काढून घेतले गेले. माँब्लाँचे जाडजूड '१४९' हे पेन १९५२ सालचे. काम गेल्यावर मान उरतो; संस्थानिकांचे झाले तसेच काहीसे.

पार्कर ५१ चा खरा उत्तराधिकारी मात्र शांघायमध्ये जन्मला. तिथल्या कारखान्याने १९५८ मध्ये 'हिरो पार्करला गाठणार' अशी घोषणा केली, तिच्यावर एक चित्रपटही निघाला. त्यातून आलेले 'हिरो १००' सोन्याच्या निबेचे होते. पण भारतातल्या खिशांपर्यंत पोचले ते पोलादी निबेचे, चकचकीत टोपणाचे 'हिरो ६१६'. हे पार्करचे उघड अनुकरण होते. मौलिकतेला सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या आपल्यासारख्या साहित्याच्या लोकांना अनुकरण म्हटले की नाक मुरडायची सवय असते. तथापि अनुकरण नेमके कशाचे केले, हे पाहायला हवे. झाकलेल्या निबेमुळे शाई लवकर वाळत नाही, दाबायच्या नळीमुळे ती भरायला सोपी जाते, हे गुण हिरोने उचलले. सोने गाळले. एस्टरब्रुकने जे आपल्याच मालाचे केले ते शांघायने दुसऱ्याच्या मालाचे केले, एवढाच फरक.

भारतातील कथा निराळ्या कारणाने सुरू होते. आपली पारंपरिक शाई काजळाची. डिंकात घोटलेले काजळ बोरूला चालते, पेनाची जीभ मात्र ते बुजवून टाकते. म्हणजे पेनाबरोबर शाईही परदेशी घ्यावी लागे. मुंबईत १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या. पुढे उंट छाप शाई आणि 'कॅम्लिन' हे नाव त्यातूनच आले. बंगालमध्ये १९३४ मध्ये मैत्र बंधूंची 'सुलेखा' शाई आली. पेनाच्या बाबतीत राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी एबोनाइटचे पेन घडवून वर्ध्याला गांधीजींकडे पाठवले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशा आशयाचे पत्र गांधीजींनी त्यांना १९३५ च्या जुलैमध्ये लिहिले. अभिप्राय मोजका आहे. वापरून पाहिले आणि ठीक वाटले, इतकेच. स्वदेशीच्या नावाखाली कौतुकाची खैरात नाही.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक मिसळून कडक केलेले रबर. त्याची कांडी लेथवर कातून पेन होते. आपला कातारी लाटणे कातून काढतो त्याच जातीचे हे काम. मोठे भांडवल लागत नाही, साचे लागत नाहीत. पेनात शाई भरण्याची वेगळी यंत्रणाही नसे. मागचा भाग उघडायचा आणि ड्रॉपरने शाई ओतायची. परदेशी पेनांतली रबरी पिशवी काही वर्षांनी कडक होऊन तडकते. इथे बिघडण्यासारखे काही नव्हतेच. शाईही पिशवीवाल्या पेनापेक्षा कितीतरी अधिक मावे. एक दोष मात्र होता. शाई तळाशी आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब पडतो. परीक्षेच्या तिसऱ्या तासाला उत्तरपत्रिकेवर पडणारे डाग बऱ्याचदा या हवेचे असत. विद्यार्थी बिचारा निबेला दोष देई. पेन अर्धे रिकामे झाले की भरून घ्यावे, हा त्यावरचा साधा उपाय.

परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ थांबली आणि परदेशी पेन नातेवाइकाच्या सामानातून किंवा चोरट्या वाटेने येऊ लागले. या निर्बंधांचा परिणाम दुहेरी झाला असे आम्हांला वाटते. मुंबईच्या विल्सन, एअरमेल यांसारख्या पेनांना घरचा बाजार मिळाला आणि शाळकरी मुलाला परवडेल असे पेन गावोगावच्या दुकानात दिसू लागले. त्याच वेळी 'फॉरेन'चे पेन म्हणजे उत्तम पेन हे समीकरण इतके घट्ट झाले, की देशी पेनाची निब बदलून, घासून घेऊन ते तोडीस तोड करता येते, ही गोष्ट लोक विसरत गेले. 'झरणी' असा गोड प्रतिशब्द भाषेत असूनही लोक 'पार्कर' म्हणत राहिले. शब्दाला बाजार नव्हता.

इथवर आम्ही डोळ्याला दिसणाऱ्या भागाला दुय्यम लेखत आलो. क्लिप, टोपण, खिशावरची चमक यांचे पैसे देऊ नयेत, असा या विवेचनाचा रोख आहे. परंतु महाराष्ट्रात हा रोख एका ठिकाणी अडतो. गावोगावच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यांमध्ये एका हातात ग्रंथ असतो आणि कोटाच्या खिशाला पेन असते. त्या पेनाची निब दिसत नाही. दिसते ती फक्त क्लिप आणि टोपणाचा माथा. बाबासाहेबांना स्वतःला चांगल्या पेनांची आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्या लोकांनी नोंदवले आहे. परंतु मूर्तिकाराने पेन खिशाला लावले ते त्यांच्या संग्रहाची आठवण म्हणून खास नाही. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्यासाठी खिशावरचे पेन ही लोकांना दिसावी अशीच गोष्ट होती. सदऱ्याला पेन लावून शाळेत किंवा कचेरीत जाणारी पहिली पिढी त्या क्लिपसाठी चार आणे जास्त मोजत असेल, तर तो सौदा वाईट होता असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. निब आणि क्लिप यांची फारकत करणारी आमची दृष्टी ही ज्यांच्या घरात लेखणी आधीपासून होती त्यांची दृष्टी आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

चांगले पेन स्वस्त होण्याला आणखी एक कारण असते आणि ते शाळेत सापडते. जर्मनीत मुलांना शाईच्या पेनाने लिहायला शिकवण्याची रीत टिकून राहिली. त्यामुळे पेलिकानने १९६० मध्ये 'पेलिकानो' हे शालेय पेन काढले आणि लामीने १९८० मध्ये वोल्फगांग फाबियान यांनी रेखाटलेले 'सफारी' आणले, ज्याच्या त्रिकोणी पकडीत मुलाची बोटे आपोआप योग्य जागी बसतात. लाखो मुलांच्या हाती जाणारी पोलादी निब एकसारखी चांगली असावीच लागते, कारण तक्रार करायला घरोघरी पालक असतात. जपानच्या प्लॅटिनम कंपनीचे 'प्रेपी' तर याहूनही स्वस्त. पण टोपणाच्या आत बसवलेल्या झाकणीमुळे त्याची शाई महिनोन्महिने वाळत नाही. आपल्याकडे बॉलपेनाने अक्षर बिघडते असे म्हणणारे शिक्षक होते तोवर शाळेच्या दारातले पेनही बरे असे. ते निवृत्त झाले आणि पेनवाल्यालाही चांगल्या निबेची निकड राहिली नाही.

आज फाउंटन पेन घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या इतिहासातून काही व्यावहारिक गोष्टी घेता येतात. 'इरिडियम पॉइंट जर्मनी' अशी अक्षरे निबेवर दिसली तर त्यांवर विसंबू नये. ती कुठल्याही एका कारखान्याची खूण नाही, आणि आजच्या टोकांत इरिडियम बहुधा नसतेच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादे जुने पेन हाती आले तर रबरी पिशवी गेलेली असणार, असे धरूनच भाव करावा. पिशवी बदलता येते. टोकाचा कण उडालेला असेल तर मात्र सोन्याच्या निबेचाही मोह धरू नये, कारण नवा कण जोडून देणारे कारागीर जगात मोजकेच आहेत. हिरो ६१६ घेताना तर अधिकच जपावे. पार्करच्या या अनुकरणाचीही आता सर्रास नक्कल होते, आणि त्या नकलेत निबेच्या टोकाकडेच सर्वांत कमी लक्ष दिलेले असते. निब समोरून भिंगातून पाहावी. कणाचे दोन्ही भाग सारखे आणि एका पातळीत हवेत. एक वर आणि एक खाली असेल तर पेन कागद ओरबाडते. दुकानदार शाईत बुडवू देत नसेल तर पाण्यात बुडवून, साध्या कागदावर, न दाबता, इंग्रजी आठचा आकडा आडवा काढून पाहावा. खरखर असेल तर वळणावर कळते.